मिरजेचें मिशन रुग्णालय

मिरज हें नांव निघालें कीं इतिहासाभ्यासकांपुढें पटवर्धनांचें दप्तर उभें राहतें. मिरजेस शिक्षक असतां वासुदेवशास्त्री खरे यांनीं त्या दप्तराच्या आधारें 'ऐतिहासिक लेखसंग्रह' इ. स. १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं त्याच गांवीं मिशनच्या रुग्णालयास जोडून वैद्यकाची शाळा निघाली. पहिली गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुसरीचा पूर्ववृत्तांत येथें थोडक्यांत देतों.

कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फें इ. स. १८८९ मध्यें या प्रांतीं आले. आरंभीं त्यांनीं सांगलीस दवाखाना चालविला. पुढें मिरजेस येऊन इ. स. १८९४ मध्यें रुग्णालय उघडलें. मिरज सोयीची ठरण्याचें एक कारण आम्हांस लोहमार्गांत दिसतें. पुणें-बेळगांव मार्गावरील या गांवास इ. स. १८९१ मध्यें कोल्हापूरचा फांटा जोडला गेला होता. सांगलीस तेव्हां आगगाडी नव्हती.

स्थापनेचें सर्व श्रेय मिशनच्या पदरीं घालणें मात्र इतिहासास धरून होणार नाहीं. जागा मिरज संस्थानचे अधिपति गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनीं दिली. इमारतीचा पैसा फिलाडेल्फिया येथील रेल्वे-इंजिनांच्या कारखान्याचे भागीदार जॉन कॉन्व्हर्स यांजकडून आला. पुढें कुष्ठरोगी व क्षयरोगी यांच्याकरितां निराळीं रुग्णालयें निघालीं. वॉन्लेस यांस इ. स. १९२८ मध्यें 'सर' ही पदवी मिळाली; इ. स. १९३३ मध्यें ते निवर्तले. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वॉन्लेसवाडी त्यांचें नांव आजही धारण करिते.

दाता एक, जमीनमालक दुसरा, चालक तिसरा, अशा संस्थेचा इतिहास एकाच बाजूच्या कागदांवरून लिहितां येत नाहीं. मिशनचे इंग्रजी अहवाल डॉक्टरांचें कार्य सांगतील. परंतु जमीन कोणत्या अटींवर व कोणाच्या शेऱ्यानें दिली, हें संस्थानी कागदांतच शोधलें पाहिजे. संस्थान इ. स. १९४८ मध्यें विलीन झालें. संग्राहकांची दृष्टि शिक्क्याच्या जुन्या पत्राकडे सहज वळते, आणि अलीकडचा ठराव अथवा दवाखान्याची यादी नवी म्हणून रद्दींत जाते. पटवर्धनी दप्तरास खरेशास्त्री लाभले, म्हणून तें बोलूं लागलें. असा एखादा कागद हातीं आल्यास तो बाजूस न सारतां त्याची नक्कल करून मूळ ठिकाण नोंदून ठेवावें, अशी वाचकांस आमची विनंति आहे.