ज्वारीच्या मापाने आरोग्यविमा

१९४२च्या हुतात्म्यांमुळे ओळखले जाणारे आष्टी वर्धा जिल्ह्याच्या टोकाला आहे. दुखणे मोठे निघाले, की तज्ज्ञ डॉक्टरांसाठी सेवाग्रामची वाट धरावी लागते. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभारले. खेड्यातले, देशातले पहिले.

रुग्णालयातली यंत्रे काय, पैसे टाकले की कुठेही येतात. सेवाग्रामचे खरे नवल वेगळे: डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी जमा करून आरोग्यविम्याचा हप्ता भरला, तोही ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे.

साप चावला तर मात्र आष्टीकरांना सेवाग्रामही लांबच. आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथेच सुरू होऊ शकते. चावलेली जागा कापू नका, आवळून बांधू नका आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नका.