मिरचीचा बोकड्या: पानात लपलंय कोण?

हल्ली गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा जास्त बोलणं मिरचीवर होतं. शेंडा आकसला, पानं वळली, झाड खुरटलं की आपण म्हणतो ‘बोकड्या आला’, आणि गटातून उचललेले पैसे फवारणीत जातात. पण बोकड्या हे काही एकाच रोगाचं नाव नाही. आतलं खरं कारण शोधायला शास्त्रज्ञ आता पानातली जनुकीय अक्षरं वाचतात. ते कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी डोळ्यांना दिसतं ते बघू. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात. कोळी लागला की पान खाली वळतं, पालथ्या होडीसारखं. हे किडीचं काम, त्यावर औषध चालतं. पण पांढऱ्या माशीनं चुरडा-मुरड्याचा विषाणू झाडात सोडला असेल, तर ते झाड बरं करणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. मावा काकडी मोझॅकचा विषाणू आणतो, फुलकिडे तिसराच एखादा आणतात. कधी एकाच झाडात दोन-तीन विषाणू एकत्र नांदतात. मग नुसतं पान बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही.

कोरोनात नाकात काडी घालून आरटी-पीसीआर तपासणी झाली, आठवतं ना? ती तपासणी म्हणजे दारात उभं राहून ‘सखू आहे का घरात?’ असं विचारणं. सखू नसली तर ‘नाही’ एवढंच उत्तर येतं, आत दुसरं कोण बसलंय ते कळत नाही. सिक्वेन्सिंग म्हणजे आत जाऊन घरातल्या सगळ्यांची शिरगणती करणं. कोरोनाचे डेल्टा आणि ओमायक्रॉन वेगळे ओळखले गेले, ते याच वाचनातून.

मिरचीत यातली एक पद्धत आम्हाला फार आवडली. विषाणू शिरला की झाड गप्प बसत नाही. ते विषाणूच्या आरएनएचे बारीक तुकडे करतं, 21 ते 24 अक्षरांचे. शास्त्रज्ञ पान वाटून हेच तुकडे वेगळे काढतात, यंत्र ते लाखोंनी वाचतं, आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाशी जुळवत संगणक ते जोडत जातो. चिंध्या जोडून गोधडी व्हावी, तशी विषाणूची पूर्ण ओळ तयार होते. म्हणजे चोराचा माग झाडानंच ठेवलेला असतो! मिरचीची स्वतःची अक्षरं 3 अब्जांच्या घरात, आणि चुरडा-मुरड्याच्या विषाणूची जेमतेम 2700. एवढ्याशा मजकुरानं अख्खं शेत बसतं.

ही ओळ मग आधी माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून बघतात. चुरडा-मुरड्याच्या कुळात शंभरातली 91 अक्षरंही जुळली नाहीत, तर तो वेगळा विषाणू धरतात. कधी त्याच्यासोबत त्याच्या निम्म्या लांबीचा एक साथीदारही सापडतो, त्याला बीटा-सॅटेलाइट म्हणतात. तो एकटा वाढू शकत नाही, पण सोबत असला की रोग जोर धरतो.

मात्र सापडला तो प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. ढोबळी मिरचीत एंडोर्ना नावाचा एक विषाणू बियांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि झाडाला काहीही करत नाही. म्हणून नुसत्या यादीवर विसंबता येत नाही. निरोगी झाडात तो विषाणू आहे का, आणि तो निरोगी रोपाला दिला तर तोच रोग होतो का, हे बघावं लागतं.

नाव कळलं की आपली वाट बदलते. पांढरी माशी आणणारा विषाणू असेल, तर खरी राखण रोपवाटिकेत करावी लागते: वाफ्यावर बारीक जाळी, शेताच्या कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी, आणि रोगट रोप दिसताच उपटणं. मावा तर काही सेकंद सोंड टोचून मोझॅक देऊन जातो, फवारलेलं औषध त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. आणि पेपर माइल्ड मॉटल नावाचा विषाणू निघाला, तर कीटक शोधूच नका. तो बियाण्यातून, हातांतून, विळ्या-कात्रीतून पसरतो. त्याच कुळातला एक तंबाखूतही असतो, तेव्हा तंबाखू मळलेल्या हातांनी रोपं लावू नका. घरातल्या पुरुषांनाही सांगा. त्यांना राग आला तरी चालेल.

काही जणी विचारतात, रोगट झाडाची मिरची खाल्ली तर? हे विषाणू झाडांचे, माणसाला त्यांचा आजार होत नाही. पेपर माइल्ड मॉटल तर आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे पाण्यात सांडपाणी मिसळलंय का, हे ओळखायलाही शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात.

सिक्वेन्सिंग संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळेत होतं, ते प्रत्येकीच्या वाफ्यासाठी परवडणारं नाही. पण गावातल्या पाच-दहा शेतांत एकदम झाडं बोकडली, तर गटानं मिळून कृषी विज्ञान केंद्राला कळवावं आणि नमुना कसा पाठवायचा ते विचारावं. नुकती लक्षणं दिसू लागलेल्या झाडाचं कोवळं पान घ्या. वाळून चुरा झालेलं नको, त्यात वाचण्याजोगं फार उरत नाही. एका झाडाचं पान तोडलं की हात साबणानं धुऊनच दुसऱ्याला लावा. पाकिटावर गाव, वाण, लागवडीची तारीख आणि काय काय फवारलं ते लिहा. शेजारच्या निरोगी झाडाचं पानही वेगळ्या पाकिटात द्या.