जादा भराई आणि आपले ऊसबिल



गळीत हंगामात फडावर गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते, "साहेब, आणखी दोन मोळ्या टाकल्या तं काय बिघडते?" शेवटच्या खेपेत फड मोकळा व्हावा, ही घाई समजण्यासारखी आहे. पण हिशेब मांडून पाहावा.

गाडीने किती वजन न्यावे, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ खाली ठरते. केंद्र सरकारने २०१८ साली मर्यादा वाढवून दोन एक्सलच्या ट्रकसाठी १६.२ ऐवजी १८.५ टन केली. मात्र यात रिकाम्या गाडीचे वजनही आले. हे नुसत्या उसाचे वजन नव्हे. कोणत्या गाडीला किती चालते, ते तिच्या आर.सी. बुकावरच पाहावे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा वजनास २० हजार रुपये दंड, वर दर जादा टनास २ हजार. समजा, ३ टन ऊस जास्त भरला आणि गाडी पकडली, तर दंड २६ हजार! २०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये. म्हणजे त्या ३ टनांचे होतात १० हजार ६५० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे सोडत नाहीत. रस्त्याकडेला पडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घसरतो. दंड आज वाहतूकदार भरील, पण उद्या तो वाहतुकीच्या दरात मागेल. आणि तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो तो आपल्याच बिलातून.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी ध्यानात ठेवावे. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे. अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावर रात्री ट्रक, बसगाड्या वेगात असतात. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर झाकला, तर मागच्याला काहीच दिसत नाही. मग जीवच जातो, त्याची भरपाई कोणत्या बिलातून करणार?

म्हणून विनंती अशी, की तोडीपूर्वी पांदण रस्ता नीट करून ठेवावा. ऊस एका खेपेत मावणार नसेल, तर दुसऱ्या खेपेचे चिटबॉयला आदल्या दिवशीच सांगावे. ड्रायव्हर "आता पुरे" म्हणाला, तर त्याला आग्रह करू नये.

— ऊस विकास अधिकारी