हृदयाचं ऑपरेशन झालं, आता बाळाच्या समजेकडेही पाहू

आम्ही घाटकोपर-मुलुंडकडच्या बचत गटांच्या बाया. आमच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दवाखान्याच्या गोष्टी निघतात. त्यात एक प्रश्न नेहमी येतो. बाळाच्या हृदयाला छिद्र होतं, ऑपरेशन नीट झालं, मग ते उशिरा का बोलतंय? शाळेत मागे का पडतंय? आणि पाठोपाठ आईला टोमणा, "हिनं ग्रहण पाळलं नसेल."

हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. पोटात बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेतं. मेंदूही तेव्हाच घडू लागतो. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना जनुकांत असतात आणि काही जनुकं हृदय व मेंदू दोन्हींना लागतात. शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. माप लिहितानाच चुकलं, तर गळाही बिघडतो आणि बाहीही.

डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. अशा जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयदोष असतो आणि त्यांचं शिकणंही सावकाश होतं. काही बाळांत बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा नसतो. त्यांच्यात हृदयदोष, नाकातून बोलणं आणि अभ्यास जड जाणं एकत्र दिसू शकतं. चेहऱ्यावरून हे पटकन ओळखू येत नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयदोष असलेली १,२१३ मुलं आणि त्यांचे आईवडील यांची जनुकं तपासली. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. हृदयदोषासोबत वाढीतही अडचण असलेल्या मुलांत जनुकांतले नवे बदल जास्त सापडले. नवे म्हणजे आईतही नाहीत, बापातही नाहीत, बाळातच पहिल्यांदा झालेले. यात ग्रहणाचा काय संबंध? आईला बोल कशाला?

काही बदल मात्र आईवडिलांकडूनही येतात. म्हणून पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रत्येक वेळी कारण जनुकच असतं असं नाही. ऑपरेशनआधी मेंदूला ऑक्सिजन कमी मिळणं, बाळ फार दिवस आयसीयूत असणं, यानेही फरक पडतो. आणि हृदयदोष असलेली पुष्कळ मुलं छान शिकतात, हेही लक्षात ठेवा.

मग करायचं काय? ऑपरेशननंतरच्या तपासणीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. "याची जनुकांची तपासणी करावी का? याची वाढ आणि बोलणं कोण तपासेल?" चार महिन्यांत मान धरणं, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षात चालणं आणि दोन-चार शब्द बोलणं, यावर नजर ठेवा. उशीर दिसला तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. मेंदू लहानपणी लवकर शिकतो, म्हणून बोलण्याचे-हालचालींचे उपचार जितके लवकर तितके बरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. हृदयदोष आणि वाढीतला उशीर, दोन्ही त्यात येतात. पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटण्याआधी एवढंच विचारा, आपल्या गटात कुणाच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय का? असेल, तर तपासणीच्या दिवशी त्या आईसोबत एकीने जावं.