आले, पण आपले नव्हेत

शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर एका संध्याकाळी मेसेज आला: खात्यात १८ हजार जमा. पेन्शनखेरीज त्यांना कुणी दमडी पाठवत नाही. ‘देवानंच धाडले म्हणायचे,’ काका म्हणाले.

असं वाटणारे काका एकटे नाहीत. बिहारच्या खगडिया जिल्ह्यात बँकेच्या चुकीनं एकाच्या खात्यात साडेपाच लाख पडले. पंतप्रधानांनी पाठवलेला हा पहिला हप्ता, असं समजून आपण ते खर्चले, असं गड्याचं म्हणणं. २०२१ मध्ये त्याला अटक झाली.

कायद्याला यात नवं काहीच वाटत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं ७२वं कलम सांगतं, की चुकून हाती आलेला पैसा परत करावा लागतो. हे लिहिलं गेलं तेव्हा टेलिफोनचाही पत्ता नव्हता. चूक कळूनही पैसे दाबून ठेवले तर प्रकरण फौजदारीकडे वळू शकतं. भारतीय न्याय संहितेच्या ३१४व्या कलमात अपहाराला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे.

बड्यांचंही असंच होतं. ११ ऑगस्ट २०२०ला सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या धनकोंना ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. वापरायची होती ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली, मूळची मुंबईच्या आय-फ्लेक्सची. फक्त व्याज जाऊ देऊन मुद्दल बँकेतच थांबवायचं तर पडद्यावरच्या तीन चौकटींत नोंद हवी होती, झाली एकीतच. तिघांनी तपासलं, दोघे भारतातले, एक अमेरिकेतला. तिघांनाही बरोबर वाटलं आणि बँकेचे स्वतःचे सुमारे ९० कोटी डॉलर गेले! काहींनी परत दिले. सुमारे ५० कोटी मात्र अडले. ते धनको म्हणाले, आम्हाला येणं होतंच, पै न् पै जुळतेय, मग परत देऊ कशाला? फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायाधीशांनी हे मान्य केलं. सप्टेंबर २०२२मध्ये अपिलात निकाल फिरला: कर्जाची मुदत २०२३ची, एवढी रक्कम अवचित आली तर एक फोन करून विचारायला नको होतं? मला पहिल्यापेक्षा हाच निकाल पटतो. ‘हे माझे कसे?’ असं विचारायला वकील लागत नाही.

आपल्याकडे पैसे पाठवणाऱ्याची गोची वेगळी. २०१०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक फक्त खातेक्रमांक बघून पैसे जमा करू शकते; नाव जुळवायची सक्ती नाही. एक आकडा चुकला, की पैसे परक्याच्या खात्यात, आणि त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ते उचलून देत नाही. दिवाणी दाव्याला, चूक लक्षात आल्यापासून, तीन वर्षं मिळतात. १८ हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो म्हणा! १ एप्रिल २०२५पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसनं पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसण्याची सोय द्यायला बँकांना सांगितलं गेलं. ते काम पंधरा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

काकूंना दुसऱ्या दिवशी फोन आला. कुणी तरणा पोरगा, रडवेला. खोलीचं भाडं होतं, या नंबरवर परत टाका म्हणाला. भामटेही हुबेहूब असंच बोलतात, हे काकूंना ठाऊक. फोन ठेवला, पासबुक पिशवीत घातलं आणि शाखा गाठली. काउंटरवरच्या मुलीनं दोन खण उघडून बघितले. आलेले पैसे नकोत, असा फॉर्मच नव्हता. शेवटी तिनं प्रिंटरमधला कोरा कागद काढून दिला.