वायरलेस डाइव्ह कॉम्प्युटर असताना काट्याचा गेज सोबत का ठेवायचा?

नागपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच, तरी तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेले लोक आता आमच्या सदरमध्येही भेटतात. पर्यटकांच्या छोट्या डाइव्हमध्ये टाकीवर नजर प्रशिक्षकाची असते, त्यामुळे आपल्याला काही बघावं लागत नाही. पण तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत किंवा गोव्यात रीतसर कोर्स केला की पुढची खरेदी ठरलेली: मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि टाकीचा दाब त्याला कळवणारा वायरलेस ट्रान्समीटर. मग प्रश्न येतो, "आता तो नळीला लटकणारा गेज काढून टाकू का?"

माझं उत्तर: काढू नका. का ते सांगतो.

आधी हवेचा हिशोब. साधारण ११ लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली की तिच्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते. (तुमच्या बाइकच्या टायरमध्ये जेमतेम २ बार असतात.) वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर ६० लिटर घेतो, कारण तिथे दाब तिप्पट असतो. ५० बार राखीव ठेवले तर हातात उरतात साधारण २७ मिनिटं. घाबरलात किंवा प्रवाहाविरुद्ध पोहलात, तर त्याहून कमी. म्हणजे हा आकडा अंदाजाने चालवायचा नाही.

आता तो आकडा मनगटापर्यंत पोहोचतो कसा? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि खारं पाणी ते काही सेंटीमीटरमध्येच गिळून टाकतं. म्हणून बहुतेक ट्रान्समीटर ३८ किलोहर्ट्झच्या आसपासची, फार कमी फ्रिक्वेन्सी वापरतात. बुडालेल्या पाणबुड्यांना संदेश पाठवणारं नौदलाचं तिरुनेलवेलीजवळचं आयएनएस कट्टबोम्मन केंद्रही याच कारणाने अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर चालतं. फरक एवढाच, की तिथे प्रचंड अँटेना आहेत आणि इथे अंगठ्याएवढी बॅटरी. त्यामुळे टप्पा साधारण एक-दीड मीटर. गार्मिनने वेगळी वाट धरली, त्यांचे ट्रान्समीटर आवाजाच्या लहरी, म्हणजे सोनार वापरतात. टप्पा वाढतो, पण बॅटरी तिथेही लागतेच.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर गंमत अशी, की हा नेहमीचा ट्रान्समीटर फक्त बोलतो, ऐकत नाही. दर काही सेकंदांनी आकडा पाठवला, विषय संपला. पोहोचला की नाही, त्याला पत्ता नाही. हात लांब केला, शेजारी कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, पाण्यातली मोटर चालवणारा कोणी जवळून गेला, तर मधले संदेश हुकतात. बहुतेक वेळा ते परत सुरू होतात. बॅटरी गेली असेल तर होत नाहीत. आणखी एक गोष्ट, बोटीवर टाक्या उचलणाऱ्यांना तो ट्रान्समीटर चक्क पकडायची मूठ वाटतो आणि कधीकधी तुटतो!

पण माझ्या मते खरा धोका सिग्नल जाण्याचा नाही. मनगटावरचा कॉम्प्युटरच बंद पडला तर खोली, वेळ, नायट्रोजनचा हिशोब आणि हवा, सगळं एकदम जातं. सगळे आकडे एकाच स्क्रीनवर म्हणजे बिघाडाची जागाही एकच.

काट्याच्या गेजला बॅटरीच नसते. आत एक वाकवलेली चपटी पोकळ नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती. मंगळवारी बाजाराजवळ पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जो गोल काटा दिसतो, तोही याच जातीचा. शिवाय पाण्यात उतरण्याआधी गेजकडे बघत दोन-चार श्वास घ्या: काटा हलला तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. थांबून थांबून आकडा दाखवणाऱ्या स्क्रीनवर हे पटकन कळत नाही.

काही अनुभवी डायव्हर म्हणतात, जास्तीची नळी म्हणजे गळतीची जास्तीची जागा. मुद्दा खोटा नाही. काटासुद्धा अडकू शकतो. पण त्या नळीकडे जाणारं छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, त्यामुळे नळी गळली तरी हवा हळूहळू जाते, वर यायला वेळ मिळतो. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर सहसा जास्त दाबाची दोन तोंडं असतात. एकाला ट्रान्समीटर, दुसऱ्याला गेज. भाड्याच्या सेटवर तो आधीच लावलेला असतो, म्हणजे खर्चही शून्य.

जमलं तर दाब आणि खोली दोन्ही काटे असलेला कन्सोल घ्या आणि सोबत साधं वॉटरप्रूफ डाइव्ह घड्याळ. स्क्रीन काळी झाली तर जोडीदाराला खूण करून डाइव्ह तिथेच थांबवायची, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. तेवढी हवा आहे का, ते काटा सांगेल. जोडीदाराचा कॉम्प्युटर तुमच्या नायट्रोजनचा हिशोब सांगू शकत नाही, कारण तो त्याच्या डाइव्हचा असतो. त्यामुळे दुसरा कॉम्प्युटर मिळाला तरी पुढची डाइव्ह साधारण २४ तासांनंतरच.