डावी की उजवी?

1954 साली अमेरिकेत, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात 34 वर्षांची एक बाई उपचारांसाठी आली. सात वर्षं तिच्या स्नायूंत गोळे येत होते, पायांतलं बळ अधूनमधून जायचं. रक्तदाब चढलेला आणि पोटॅशियम तळाला गेलेलं. डॉ. जेरोम कॉन यांनी तिचा घाम तपासला, तर त्यात सोडियम नावापुरतंच. महायुद्धाच्या काळात उष्ण हवेत सैनिकांचं शरीर मीठ कसं वाचवतं याचा त्यांनी अभ्यास केला होता, म्हणून त्यांना हे सुचलं. मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तिच्या ॲड्रिनल ग्रंथी बेसुमार तयार करत आहेत, असं निदान त्यांनी केलं.

पण डावी ग्रंथी की उजवी? ते कळायला मार्गच नव्हता, म्हणून दोन्ही काढायचं ठरलं. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ सापडली आणि डावी बचावली. दोन्ही गेल्या असत्या, तर त्या बाईला जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्यांवर जगावं लागलं असतं.

सीटी स्कॅन आल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता. झालं उलटंच. वय वाढेल तशा ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी सर्रास आढळतात. त्या दिसतात, पण काही स्रवत नाहीत. आणि खरी उपद्रवी गाठ कधी कधी इतकी बारीक असते, की स्कॅनमध्ये दिसतच नाही. कधी दोन्ही ग्रंथी थोड्या थोड्या वाढलेल्या असतात; तिथे शस्त्रक्रिया नव्हे, गोळ्याच उपयोगी. 2009 साली 950 रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे 38 टक्के रुग्णांत स्कॅनचा निष्कर्ष आणि ग्रंथीच्या रक्ताचा निष्कर्ष जुळला नाही. नुसत्या चित्रावर भिस्त ठेवली, तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

ग्रंथीचं रक्त मिळवणं मात्र सोपं नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवत दोन्ही ॲड्रिनल शिरांपर्यंत न्यायची. बोस्टनच्या जेम्स मेल्बी यांनी 1967 साली ही पद्धत मांडली. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, त्यामुळे तिच्यात शिरणं तुलनेनं सोपं. उजवी आखूड आणि बारीक. ती थेट महाशिरेत उघडते, आणि आसपास यकृताच्या छोट्या शिरा चकवा द्यायला बसलेल्या. अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही उजवीकडेच घाम फुटतो.

नमुना मिळाला तरी तो योग्य जागचाच कशावरून? त्यासाठी कॉर्टिसॉल मोजतात. दोन्ही ग्रंथी ते बनवतात, म्हणून ग्रंथीच्या शिरेत ते हातातल्या रक्तापेक्षा कित्येक पट जास्त असायला हवं. शिवाय डाव्या शिरेत दुसरी एक शीर मिळत असल्यानं तिथलं रक्त पातळ होतं. समजा, अल्डोस्टेरॉन डावीकडे 4000 आणि उजवीकडे 4800 आलं. वरवर पाहता उजवी दोषी. पण कॉर्टिसॉल डावीकडे 200 आणि उजवीकडे 1200 असेल, तर भागाकार डावीकडे 20 आणि उजवीकडे अवघा 4. म्हणजे डावी पाचपट! अनेक केंद्रांत चारपट फरक पुरेसा मानतात. एका भागाकारानं काढायची बाजूच बदलते.

तरीही या तपासणीची सरसकट सक्ती करावी का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. तरुण वय, पोटॅशियम कमी आणि एकाच बाजूला ठळक गाठ असेल, तर थेट शस्त्रक्रिया करता येते. 2016 साली 200 रुग्णांवरच्या एका चाचणीत वर्षभरानंतर स्कॅनवर ठरवलेल्यांच्या आणि रक्तावर ठरवलेल्यांच्या औषधांच्या गरजेत फारसा फरक दिसला नाही. म्हणून ती तपासणी निरर्थक ठरत नाही, पण तिच्या बाजूनं मोठ्या बाता मारणाऱ्यांना थोडं थांबावं लागलं, हे खरं.

ॲड्रिनलच्या आतल्या भागातली फिओक्रोमोसायटोमा ही गाठ वेगळी. ती ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडते आणि रक्तदाब अचानक उसळतो. 1926 साली रोचेस्टरला चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ काढली, तीही शस्त्रक्रियेआधी निदान न होता. तिला हुडकण्यासाठी एमआयबीजी हे किरणोत्सारी द्रव्य 1980च्या सुमारास तयार झालं, तेही ॲन आर्बरलाच. भारतात ते अणुऊर्जा खात्याची ‘ब्रिट’ ही संस्था पुरवते.

अशाच किरणोत्सारी द्रव्यानं, नळी न घालता, अल्डोस्टेरॉनची गाठ ओळखायचा प्रयत्नही आता चालू आहे. मेटोमिडेट हे द्रव्य ॲड्रिनलमधल्या संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमांना चिकटतं. त्याला कार्बन-11 जोडून पेट-सीटी केला, की कामाला लागलेली गाठ उजळते. 2023 साली ब्रिटनमधल्या अभ्यासात ही पद्धत रक्ततपासणीपेक्षा कमी ठरली नाही. अडचण अशी, की कार्बन-11चं अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटं, त्यामुळे ते बनवणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र रुग्णालयाच्या आवारातच हवं. म्हणून सुमारे 110 मिनिटं अर्धायुष्य असलेल्या फ्लोरिन-18 वर आधारलेल्या द्रव्यांच्या चाचण्या सुरू आहेत. ती दुसऱ्या ठिकाणी बनवून गाडीनं आणता येतात.